एका बाईचं जेवण

पडद्यावर आमची परात होती.

बेळगावातला थंडगार हॉल. खुर्च्यांना पांढरी कापडं. पुढच्या रांगांत वकील, प्राध्यापक, बँकेतले साहेब आणि त्यांच्या मिसेस. मागच्या चार रांगांत निपाणीहून टेम्पोत घालून आणलेल्या आम्ही. आणि भिंतीएवढ्या पडद्यावर आमच्या घरची स्टीलची परात. कडेला भाकरींची चळत, मधे वजडीचं, म्हणजे आतड्या-कोथळ्याचं, कालवण, कांदा, खर्डा.

डॉक्टर मॅडम माईकवर म्हणाल्या, "हे बघा. हे एका बाईचं दुपारचं जेवण आहे."

हॉल हसला.

"एका बाईचं!" मॅडमनी परत सांगितलं. "आणि मग येऊन आम्हालाच विचारतात, मॅडम, वजन का उतरंना?"

आमच्या बोलण्याची नक्कल केली त्यांनी. 'उतरंना'. आता जास्त हसले. डॉक्टरच हसायला सांगत असेल तर माणसं किती मोकळेपणानं हसतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

मागून तिसऱ्या रांगेत माझी आई बसली होती. हॉलमधल्या कुणाच्याही आधी तिनं ती परात ओळखली असणार. तिच्याच लग्नातली. आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, सगळ्यांबरोबर. आपण हसलो नाही तर परात आपली आहे हे कळेल म्हणून.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काठावर काय कोरलंय ते?"

मॅडमनी चित्र मोठं केलं. बायकांची नावं, चेहरे झाकलेत असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. परात कुणी झाकली नव्हती. हातभर अक्षरं दिसली. 'मामाकडून सप्रेम जयभीम'.

हसणं थांबलं. त्याच्या जागी एक बारीक आवाज आला. "अच्छा." कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. दोघा-तिघांनी एकमेकांकडं बघितलं, एका बाईनं मान डोलावली. अच्छा. म्हणजे सगळं कळलं. इतकं का खातात, असलं का खातात, अशा का असतात. त्या एका शब्दात आमची सगळी तपासणी झाली. रक्त काढायची गरजच पडली नाही.

तो फोटो मी काढला होता.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी म्हणणार नाही. मी मॅडमच्याच संस्थेची कार्यकर्ती होते. बारावी झालेली, निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. निपाणीतल्या आमच्या वस्तीत आणि आजूबाजूला चाळीस बायका माझ्याकडं होत्या. चाळीसही विड्या वळणाऱ्या. चाळीसही जणींना साखर, नाहीतर वजन, नाहीतर दोन्ही. संस्थेनं एक अ‍ॅप केलं होतं. आठवड्याला वजन, रोजची पावलं, रोज जेवणाचा फोटो. अ‍ॅप फोटो बघून सांगणार तुम्ही किती खाल्लं. चांगलं झालं की हिरवा तारा आणि टाळ्यांचा आवाज. वाईट झालं की लाल.

आणि हिरव्या बायकांना साखरेच्या गोळ्या फुकट. दोन आठवडे लाल झालं की नाव कट.

आईचं सगळं त्या गोळीवर होतं. सरकारी दवाखान्यात गोळी असते तेव्हा मिळते, नसते तेव्हा चिठ्ठी मिळते. आईच्या पायाच्या अंगठ्याला एकदा जखम झाली होती ती तीन महिने भरली नव्हती. शेजारच्या आजीचा पाय असाच गेला, घोट्यापासून. आई म्हणायची, "मला पाय नगं गं जायला. एवढं बघ." म्हणून तिचं नाव मीच घातलं. पहिलं.

अ‍ॅप कन्नड आणि इंग्रजीत. मॅडम स्वतः मराठी. बेळगावातलं जुनं घराणं, घरात सगळे डॉक्टर, वकील. सभेची सुरुवातच त्यांनी अशी केली होती, "या राज्यात आपण अल्पसंख्य आहोत. आपल्या बायकांना आपल्या भाषेत आरोग्य मिळत नाही. म्हणून हा उपक्रम." टाळ्या पडल्या होत्या. अल्पसंख्य बायकांसाठी म्हणून त्यांना बाहेरून मदत मिळाली होती. पण अ‍ॅपमध्ये मराठीचं एक अक्षर नव्हतं. अ‍ॅपमधलं मराठी म्हणजे मी. चाळीस घरं फिरणारं, निळ्या टी-शर्टातलं मराठी.

तर ती परात. विड्या वळणाऱ्या बायका जिथं चार-पाच जणी एकत्र बसून काम करतात, तिथं जेवण एकाच परातीत होतं. तंबाखूचे हात धुवायला वेळ लागतो, पाणी लागतं. मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप उतरवायचं, एकदाच उठायचं, एकदाच हात धुवायचे, परातीभोवती बसायचं, परत सूप मांडीवर. पाच ताटं घासत कोण बसणार? आई, मावशी, माझी बहीण, शेजारच्या सुगंधाक्का, तिची सून. पाच जणींचं जेवण एका परातीत. त्या दिवशी मी घाईत होते. फोटो काढला, आईच्या नावावर टाकला. 'किती माणसं?' असं अ‍ॅप विचारत नाही. ज्यानं ते केलं त्याच्या घरात ताट म्हणजे एक माणूस. 'काय खाल्लं?' याची यादी असते. ओट्स होतं, पनीर होतं, इडली होती. वजडी नव्हती. मी 'हॉटेलातली बिर्याणी' दाबलं आणि पुढच्या घरी गेले.

लाल.

हॉलमध्ये मी उठले. म्हटलं, "मॅडम, ती पाच जणींची परात हाय."

मॅडमनी डोळ्यांवर हात धरून मागं बघितलं. "कोण? अच्छा, तू. पाच जणी? एकाच ताटात?"

"व्हय."

"एकमेकींच्या उष्ट्यात हात घालून?" त्या पुढच्या रांगेकडं वळल्या. "बघा, म्हणजे आपल्याला हायजीनपासून सुरुवात करायला पाहिजे."

परत हसले. मग गोड आवाजात मला, "बस बाळ खाली."

मी खाली बसले.

बघा, अपमान एवढाच असतो. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. बस बाळ म्हटलं, आणि मी बसले. आज लोक मला सभेत बोलायला बोलावतात, तेव्हा मी कुठून सुरुवात करते माहीत आहे? मी बसले होते, इथून.

त्यानंतर बक्षिसं. सगळ्यात जास्त पावलं चालणारी बाई म्हणून सुगंधाक्काला पाण्याची बाटली मिळाली. ती दिवसभर माझ्या आईशेजारी बसून विड्या वळते. संडासला जाते तेवढीच चालते. अ‍ॅप रोज लाल दाखवायला लागलं तेव्हा तिनं फोन कापडात गुंडाळून शेळीच्या गळ्यात बांधायला सुरुवात केली. मला माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. स्टेजवर मॅडमनी तिचा हात धरून वर केला. "यांचा आदर्श घ्या. इच्छा असेल तर वेळ मिळतो." सुगंधाक्कानं तोंड जराही वाकडं न करता बाटली घेतली.

परतीच्या टेम्पोत संकेश्वर आल्यावर सुगंधाक्का म्हणाली, "घरी जाऊन शेळीला सांगतो, बाई गं, तुझा सत्कार झाला बेळगावात."

सगळ्या हसल्या. खरं हसल्या, पोट धरून. आई हसली नाही. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "पाच जणींचं हाय म्हणून सांगायचं न्हाईस का गं?"

"त्यात माणसं लिहायचा खाना नव्हता आई."

"खाना नव्हता तर फोटू कशाला काढलास?"

मी गळ्यातलं ओळखपत्र टी-शर्टाच्या आत सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून आई परातीवर बसायची बंद झाली. सगळ्या बसल्या की म्हणायची, "तुम्ही खावा, मी मागनं खातो." मागनं म्हणजे अर्धी भाकरी आणि काकडीच्या फोडी, ताटलीत. त्या ताटलीचा फोटो. हिरवा. कधी कधी ती फोटो झाल्यावर तेवढंही उचलून ठेवायची. मावशीनं एकदा तिच्या हातात चतकोर कोंबला. आई म्हणाली, "एक आठवडा लाल झालाय. अजून एक झाला तर नाव जातंय."

फोन टाळ्या वाजवायचा. आई विड्या वळता वळता विचारायची, "काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "शाब्बास म्हणतंय." तिला बरं वाटायचं. बघा, मोबाईल तिला शाब्बास म्हणत होता. जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्या अंगाला घाम यायचा, हात थरथरायचे. विड्या सैल व्हायला लागल्या. कारखान्यात तपासणारा माणूस तिच्या जुडीतल्या मूठभर विड्या मोडून टाकायचा. मला वाटलं, वय झालं. मी आरोग्य कार्यकर्ती. मला वाटलं, वय झालं!

एक दिवस विड्या द्यायला गेली आणि कारखान्याच्या दगडी पायऱ्यांवर कोसळली. उजव्या हातावर. मनगट मोडलं.

सरकारी दवाखान्यात एक तरणा डॉक्टर होता, हुबळीकडचा. मराठी येत होतं त्याला तोडकंमोडकं. त्यानं बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, पळत जाऊन सलाईन आणलं. मग माझ्यावर ओरडला, "गोळी घेतली, जेवली नाही. साखर एकदम खाली गेली. मेली असती. कोण सांगितलं असं करायला?"

माझ्या हातात आईचा फोन होता. सकाळचं वजन त्याच वेळी कुठंतरी पोचलं असणार. फोन वाजला. टाळ्या. दवाखान्याच्या बोळात, आईच्या खाटेशेजारी, जोरात टाळ्या. सहा किलो उतरल्याबद्दल.

डॉक्टरनं माझ्या हातातून फोन घेतला. अ‍ॅप उघडलं. पहिलंच पान उघडून माझ्यापुढं धरलं. लाल चौकटीत लिहिलेलं होतं, कन्नडमध्ये आणि खाली इंग्रजीत. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहू नका. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच गोड खा, दवाखान्यात जा.

"हे वाचलं नाही कुणी?"

ती चौकट रोज येत होती. चाळीस फोनांवर रोज. मला कन्नड वाचता येतं, शाळेत होतं. मी एकदाही वाचलं नव्हतं. फोटोच्या पानावर जायला आधी ती चौकट घालवावी लागायची. मी अंगठ्यानं 'ठीक आहे' दाबायचे आणि पुढं जायचे. चाळीस घरं, चाळीस फोटो, संध्याकाळच्या आत. महिनोन् महिने मी माझ्या आईच्या वतीनं 'ठीक आहे' म्हणत होते.

त्या रात्री मला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा, आणि मग सगळ्यांचा. बाईनं पाळायचे नियम होते ते माझ्याकडून घरोघर पोचवून घेतले. फोटो काढा, कमी खा, चाला. आणि बाईला जगवणारी जी एक ओळ होती, ती तिच्या भाषेत द्यायला कुणाला सवड झाली नाही. ह्याला काय समान आरोग्य म्हणायचं? आमची नावं अर्जात लागतात, आमची परात हसायला लागते, आणि धोका मात्र दुसऱ्यांच्या भाषेत लिहून ठेवायचा. मेली तर म्हणायचं, लिहिलं होतं की.

प्लास्टर घालून आठ दिवस झाले असतील, मॅडमचा फोन आला. आनंदात होत्या.

"अगं, तुझ्या आईचं ग्रेट झालंय. सहा किलो! पुढच्या आठवड्यात बेंगळूरहून पैसे देणारे लोक येणार आहेत. आधीचा फोटो आहे, आताचा पाहिजे. घेऊन ये तिला."

मी म्हटलं, "तिचा हात मोडलाय. उपाशी राहून पडली ती."

"हो, कळलं मला. वाईट झालं. हात पदराखाली घ्यायला सांग. दिसणार नाही."

मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"हे बघ, आपण मराठी माणसं. बाहेरच्या लोकांसमोर आपल्यातल्या गोष्टी कशाला काढायच्या?"

आपण. सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात माणसं कमी पडतात तेव्हा आमच्या वस्तीत टेम्पो येतो. तेव्हा आपण. कोगनोळीच्या नाक्यावर उन्हात बसायला आमची माणसं गेली, माझा बाप गेला, माझ्या खांद्यावर झेंडा होता. तेव्हा आपण. पडद्यावर परात आल्यावर काठावरची अक्षरं वाचली आणि 'अच्छा' झालं, तेव्हा कुठं गेलतं हे आपण? मॅडमला कन्नड राज्यात अल्पसंख्य असण्याचं दुःख आहे. खरं आहे ते दुःख, खोटं म्हणत नाही मी. पण त्यांच्या हॉलमध्ये अल्पसंख्य कोण होतं, हे त्यांना मोजता येत नाही. कारण तिथं मागच्या चार रांगा त्यांनीच ठरवलेल्या असतात.

मी म्हटलं, "न्हाय मॅडम."

"काय न्हाय?"

"आई येणार न्हाय. तिचा फोटो मिळणार न्हाय. आणि आजपासून माझ्या चाळीस बायकांपैकी एकीचाबी मिळणार न्हाय."

"तुझ्यासारख्या मुली दहा मिळतील मला."

"मिळतील. मी त्यांच्याबी घरी जाणार हाय."

फोन त्यांनी ठेवला. या वेळी मला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते.

दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घातला नाही. साध्या ड्रेसवर निघाले, त्याच चाळीस घरी. प्रत्येक दारात तेच सांगितलं. गोळी घेऊन उपाशी राहू नका. घाम आला, हात थरथरले तर साखर खा. हे रोज तुमच्या फोनवर येत होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. माझी चूक. मग तक्रारीचा कागद पुढं केला.

तुम्हाला वाटेल सगळ्यांनी सह्या केल्या. न्हाय. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं विचारलं, "गोळ्या बंद झाल्या तर तू देणार हाईस व्हय?" एकीच्या नवऱ्यानं मला वस्तीचं वाटोळं करणारी म्हटलं. एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीबी तसंच करत आलतो गं. चक्कर येतीया म्हणून सुनंला सांगितलं न्हाय. फोटू लाल होईल म्हणून." तिनं अंगठा दिला. सुगंधाक्कानं दिला आणि वर म्हणाली, "बाटली परत मागितली तर मागू दे. शेळीला बाटली लागत न्हाय." चाळीसपैकी अकरा झाल्या. अकरा पुष्कळ आहेत. मी एकटी होते तेव्हा मी बसले होते.

आईचं मनगट वाकडंच जुळलं. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत येत नाही. विडीचा सगळा धंदा त्या चिमटीत आहे. तीस वर्षं वळल्या, आता वळता येत नाहीत. ती रोज माझ्यासमोर जेवते, पोटभर, मुद्दाम दाखवून. ते बघणं सोपं नाही.

आम्ही कागदात काय मागितलं? गोळी वजनावर टांगू नका. आजारी बाईला गोळी मिळाली पाहिजे, लाल असो हिरवी असो. धोक्याची सूचना तिच्या भाषेत द्या, आणि वाचता येत नसेल तर बोलून ऐकवा. टाळ्या ऐकवता येतात तर हे का येत नाही? आमच्या घरात आम्ही कसं जेवतो ते आम्हाला विचारा. तिला न विचारता तिच्या घरातलं काहीही पडद्यावर लावायचं नाही. बास. यातलं एकतरी मागणं जास्त आहे का, सांगा.

जिल्हा आरोग्य कचेरीतल्या क्लार्कनं कागद परत सरकवला. "मराठी चालत नाही. कन्नड किंवा इंग्लिश."

मी तिथंच बाहेरच्या बाकावर बसून कन्नडमध्ये लिहिला. चार तास लागले. एकेक शब्द आठवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून. संस्थेसाठी मला एक ओळ वाचायला वेळ नव्हता, इथं दोन पानं लिहिली. मराठी कागद वर ठेवला, खाली कन्नड, पिनेनं टोचले दोन्ही. क्लार्क मराठी पान काढायला लागला तसा मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "दोन्ही घ्यायचे. शिक्का दोन्हीवर मारायचा." त्यानं माझ्याकडं बघितलं. मारला.

कागदात एक रकाना आहे. कुणाविरुद्ध तक्रार. तिथं त्या अकरा जणींनी मॅडमचं नाव सांगितलं होतं, संस्थेचं सांगितलं होतं. ते लिहिलं मी, दोन आणि तीन नंबरला. त्यांच्या वर, एक नंबरला, माझं नाव आहे. पूर्ण नाव, वस्तीच्या पत्त्यासकट. क्लार्कनं विचारलं, तक्रार करणारी तूच आणि आरोपी तूच, हे कसं? म्हटलं, तसंच आहे. चौकशी लावा. मला उभं करा, मी सगळं सांगणार. कोणत्या दिवशी किती घरी 'ठीक आहे' दाबलं, कुणाच्या सांगण्यावरून, कुणासाठी. माझ्या तोंडून सगळं लिहून घ्या, मला शिक्षा द्यायची ती द्या. आणि मग दोन नंबरला उभं करा.